न दुखणारा पाय

आमचे हे परळच्या एका गिरणीत बॉयलरवर कोळसा टाकायचे. एका संध्याकाळी जेवायला बसले, तेव्हा त्यांच्या तळपायाला पैशाएवढा भाजल्याचा डाग दिसला. निखाऱ्यावर पाय पडला असणार.

"कळाक नाय तुमका?" मी घाबरून विचारलं.

"नाय गो. काय एक दुखणा नाय." आणि हसले. मीही हसले.

जखम भरेना, म्हणून वैद्यांना बोलावलं. त्यांनी विचारलं, लघवीला मुंग्या लागतात का? लागायच्या. मोरीत रोज रांग असायची, मी राख टाकून धुवायची. "मधुमेह आहे. अशा माणसाची जखम चिघळते," वैद्य म्हणाले. मी कडुनिंबाच्या पाण्याने पाय धुवायची, लेप लावायची. महिन्याभरात अंगठा काळा पडला. खोलीला अशी घाण येऊ लागली की शेजारीण बाहेरूनच बोलायची.

ते प्लेगाचं साल. त्यांना ताप भरला, जांघेत गाठ आली. कुणीतरी कळवलं आणि प्लेगचे रोगी शोधणारे सरकारी झडतीवाले चाळीत शिरले. त्यांच्याबरोबरच्या देशी डॉक्टरला मी हात जोडले, चिंध्या सोडून पाय दाखवला. त्याने नाक न झाकता, वाकून नीट पाहिलं.

"बाई, हा प्लेग नाही. जखमेतलं विष वर चढतंय, त्याची गाठ आहे. आजच गुडघ्याखालून पाय कापला तर कदाचित वाचतील. इस्पितळात आणा."

इस्पितळात गेलेलं माणूस परत येत नाही, असं तेव्हा जो तो म्हणे. मला वाटलं, हा गोड बोलून नेतोय. मी यांच्याकडे पाहिलं.

"तू सांगशीत तसा," ते तापातच पुटपुटले.

मी म्हटलं, "नको."

चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. पाय शेवटपर्यंत दुखला नाही.

पुढे वर्षभराने लालबागच्या बाजारात कुबडीवरचा एक माणूस दिसला. एक पाय गुडघ्याखाली नव्हता. भाजीवालीशी हुज्जत घालत वांगी निवडत होता. मी बराच वेळ त्याच्यामागून चालले, मग धीर करून विचारलं.

"सडला होता. इस्पितळात कापला," तो म्हणाला. "तुमच्या घरात आहे का कुणाला असं?"

"नाही," मी म्हटलं. "कुणाला नाही."

अजूनही रस्त्यात मागून कुबडीचा आवाज आला की मी मान वळवत नाही. तो पुढे निघून जाईपर्यंत तशीच उभी राहते.