कडूदवण्याचा तारा

बेटेगावातल्या आमच्या दोन खोल्यांत दर बुधवारी संध्याकाळी प्रार्थनेला दहा-बारा माणसं जमतात. बहुतेक आमच्यासारखीच, जालना-नगरकडून बोईसरच्या कारखान्यांत कामाला आलेली. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, एरवी बायबलमधलं वचन मी वाचते. मी शास्त्र शिकलेली नाही, शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. वाचायला आवडतं आणि आवाज मोठा आहे, एवढ्यावर ते काम माझ्याकडे आलं.

आमच्यात वयाने मोठे म्हणजे दादा. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आम्ही इथे नवे आलो तेव्हा खोली त्यांनीच शोधून दिली होती. त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात दादा एका फिरत्या प्रचारकाला घेऊन आले, तेव्हा मी काही न विचारता सतरंजी अंथरली.

प्रचारक हळू बोलायचा, त्यामुळे जास्त भीती वाटायची. जगाच्या शेवटाचं वर्णन करणाऱ्या, बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, म्हणजे प्रकटीकरणातला तिसरा कर्णा त्याने उघडला. आकाशातून मोठा तारा नद्यांवर आणि झऱ्यांवर पडतो, त्याचं नाव कडूदवणा, एका कडूजहर झुडपाचं, पाणी कडू होतं, माणसं मरतात. मग त्याने समुद्राच्या दिशेने, तारापूरकडे हात केला. "हा तारा म्हणजे अणुऊर्जा केंद्र. जमीन हलतेय, पाणी बिघडतंय. या महिन्याच्या आत इथून निघा. जव्हारच्या पुढे डोंगरावर आमचं शिबिर आहे."

कोणी हसलं नाही. आमच्या भागात अधूनमधून जमिनीला हादरे बसतात. उन्हाळ्यात बोरिंगचं पाणी मचूळ लागतं. भीतीला लागणारं सगळं सामान आमच्या घरात आधीच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीसुद्धा रेशन कार्ड आणि मुलांचे दाखले एका पिशवीत भरून ठेवले, नवऱ्याला न सांगता.

पण दादांच्या सुनेला आठवा महिना होता. इथल्याच माहीमची पोर, हसरी. रक्तदाब वाढला म्हणून पालघरच्या डॉक्टरांनी तिला दर आठवड्याला बोलावलं होतं. शनिवारी जीप सांगितली आहे, सगळं घर शिबिराला निघतंय, हे तिनेच मला फोनवर सांगितलं. मी तशीच दादांकडे गेले.

"दादा, तिला नेऊ नका. तिथे डॉक्टर कुठून आणाल?"

"डॉक्टरचं सांगू नकोस. पेपरातलंही सांगू नकोस," दादा म्हणाले. "प्रचारक चुकला असेल तर पुस्तकात दाखव. नुसत्या पुस्तकात. दाखवलंस तर थांबतो." मी उठले तसे ते म्हणाले, "आणि करोनात फिकट घोडा सुटलाय, हे आम्हाला कोणी सांगितलं होतं?"

मीच सांगितलं होतं. टाळेबंदीत रोज संध्याकाळी फोनवर सगळ्यांना एकत्र घेऊन मी प्रकटीकरण वाचायचे. चौथा शिक्का फुटला, ज्यावर मृत्यू बसून येतो तो हाच घोडा, असं मी ठासून म्हटलं होतं. पलीकडे बायका रडल्या होत्या, आणि त्या रडण्याचा मला थोडा अभिमान वाटला होता. प्रचारकाने तारापूरकडे हात केला, मी हॉस्पिटलांकडे केला होता. फरक तेवढाच.

हातात दोन दिवस होते. शाळेत मधल्या सुट्टीत डबा न उघडता मी बायबल उघडून बसले. शिक्षिका विचारायच्या, परीक्षा आहे का? मी नुसती मान हलवायचे. कडूदवणा हा शब्द जिथे जिथे येतो तिथली पानं काढली. मोशे तो शब्द देवाला सोडून जाणाऱ्यांसाठी वापरतो. आमोसाच्या पुस्तकात न्यायाचाच कडूदवणा करणारी माणसं आहेत. यिर्मयाच्या पुस्तकात देव लोकांना तो खायला घालीन म्हणतो, आणि पुढे एका ठिकाणी खोट्या संदेष्ट्यांना. तिथे माझं बोट थांबलं. मी ते तीनदा वाचलं. कुठेच यंत्र नव्हतं, कुठल्या गावाकडे बोट नव्हतं. तारा म्हणजे नक्की काय, ते मात्र मला सापडलं नाही. फक्त प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात तारे म्हणजे मंडळ्यांचे, म्हणजे चर्चचे दूत, असं पुस्तक स्वतः सांगतं.

शुक्रवारी दुपारी दादांकडे गेले. घरात बोचकी बांधलेली होती. दादा, त्यांची बायको, मुलगा आणि सून, चौघं समोर बसले. मी एकेक पान काढून वाचत गेले. दादा प्रत्येक ओळ स्वतःच्या बायबलात तपासत होते.

यिर्मयाचं खोट्या संदेष्ट्यांचं वचन वाचत होते, तेवढ्यात मांडणीवरची भांडी वाजली. पायाखालची फरशी सरकल्यासारखी झाली. दोन-तीन सेकंदच. मुलाने बायकोचा दंड धरला. खाली गल्लीत कोणीतरी ओरडलं.

"बघ!" दादा उभे राहिले. "आता काय वाचतेस?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला घरी जाऊन ती पिशवी उचलावीशी वाटली. बोटांनी कशीबशी मत्तयाची पानं उलटली. येशू स्वतः सांगतो की जागोजागी भूकंप होतील, पण एवढ्यात शेवट नाही, घाबरू नका. आणि थोडं पुढे, तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही. स्वर्गातल्या दूतांनाही नाही. पुत्रालाही नाही. फक्त पित्याला.

सून म्हणाली, "पप्पा, देवदूतांना म्हायत नाय, तर त्या मानसाला महिना कसा म्हायत?"

"तू गप्प बस."

"बसते. पन मी नाय येनार. मी पालघरलाच जानार."

दादांनी मुलाकडे पाहिलं. त्याने बापासमोर आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. तो खाली बघत म्हणाला, "मी हिच्याबरोबर थांबतो."

दादा माझ्याकडे वळले. "हे तुझं डोकं आहे, पुस्तक नाही," म्हणाले. थांबण्याचा शब्द त्यांनी पाळला नाही. शनिवारी ते आणि त्यांची बायको जीपने गेले. जाताना त्या माऊलीने सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि रडत जीपमध्ये बसली.

पुढचे दिवस वाईट गेले. काही झालंच तर ती माझ्यामुळे इथे राहिली, हे एकच डोक्यात होतं. वचन बरोबर वाचलं म्हणून माणूस सुरक्षित राहतो, असं कुठे लिहिलंय? अकराव्या दिवशी तिचं डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. रिक्षाने पालघर गाठलं. रक्तदाब एवढा वाढला होता की डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनला घेतलं. बाहेरच्या बाकावर दादांचा मुलगा आणि मी. तो डोंगरावर फोन लावत होता, लागत नव्हता. तासाभराने नर्सने दार उघडलं. मुलगी. लहानशी, पण आई आणि ती दोघी ठीक.

महिना संपला. प्रचारकाने नवा हिशेब सांगितला, पुढच्या महिन्याचा. दादांनी तो ऐकला नाही, बायकोला घेऊन एसटीने परत आले. नातीला मांडीवर घेऊन बराच वेळ बसले.

त्या बुधवारी मी सगळ्यांसमोर सांगितलं की फिकट घोड्याबद्दल मी जे बोलले ते वचनात नव्हतं, माझ्या मनातलं होतं. मला वाटलं होतं, लोक समजून घेतील. दोन कुटुंबांनी येणं बंद केलं. एक बाई सरळ म्हणाली, "तेव्हा तरी काहीतरी कळत होतं."

आता आम्ही हळू वाचतो. एकेका अध्यायाला कधी महिना लागतो. दादा येतात, दाराजवळ बसतात, प्रार्थना संपली की पहिले उठतात. माझ्याशी पूर्वीसारखं बोलत नाहीत. त्यांची बायको मात्र नातीला घेऊन अर्धा तास आधीच येते, आणि मी पोळ्या लाटत असते तोवर ती नातीला माझ्या ओट्याशेजारी चटईवर ठेवते.