‘श्री’ नावाचं खातं

देवाधर्माशी माझं भांडण नाही. दसऱ्याला मीही स्क्रूड्रायव्हरला हळदकुंकू लावते आणि दाराला झेंडूचं तोरण बांधायला स्टुलावर चढते. पण त्या वर्षीचं आठवलं की अजून डोकं फिरतं. शांतपणे सांगायचा प्रयत्न मी बऱ्याचदा केलाय, जमत नाही. तेव्हा रागातच सांगते.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा होता. सुटे भाग मागवायचे, लॅपटॉप जोडायचे, त्यात ओपन सोर्स सिस्टीम घालायची आणि वर आमचा शिक्का मारून विकायचे. ही सिस्टीम कोणा एकाच्या मालकीची नसते. जगभरची माणसं मिळून ती लिहितात आणि तिचा कोड कोणालाही वाचता येतो. ती आमच्या मशीनवर नीट चालते ना, हे बघायचं काम माझं. झाकण मिटलं की झोपते का, उघडलं की उठते का, मराठी टाइप करताना जोडाक्षरं फुटतात का, असलं सगळं.

सिस्टीम लिहिणाऱ्यांनी मशीन विकणाऱ्यांसाठी सूचना देऊन ठेवल्यात. मी त्या मराठीत उतरवून भिंतीवर चिकटवल्या होत्या. सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की कारखान्यात उघडलेलं खातं मशीन बाहेर पडायच्या आधी पुसा. गिऱ्हाइकाच्या हातात मशीन कोरं गेलं पाहिजे. भाषा त्याने निवडायची, नाव त्याचं, पासवर्ड त्याचा. फ्लॅट ताब्यात दिल्यावर बिल्डरने चावी स्वतःच्या खिशात ठेवायची नसते, इतकी साधी गोष्ट.

आमचे मालक मालवणकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी गेल्यावर यांनी रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केली. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. माणूस वाईट नाही, आणि तेच दुखणं आहे, कारण वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. काकांची एक पद्धत होती. नव्या मॉडेलचं पहिलं मशीन पाटावर ठेवायचं, नारळ फोडायचा आणि काकांनी स्वतःच्या हाताने त्यावर पहिलं खातं उघडून त्याला ‘श्री’ नाव द्यायचं. नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहितात तसं. मग त्याच पूजेच्या मशीनमधलं सगळं जसंच्या तसं बाकीच्या मशीनवर उतरवायचं, म्हणजे प्रती काढायच्या. मला त्याचं काहीच वाटत नसे. पूजा झाली की मी ते खातं पुसायची आणि मग प्रती काढायची.

त्या वर्षी काकांनी एक मशीन पुतण्याला भेट दिलं. उघडून बघतात तर श्री गायब. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर, त्यांनी मला धरलं.

“अगो, माझो श्री खंय गेलो?”

“पुसला, काका. पुसावाच लागतो. भिंतीवर लिहिलंय.”

“देवाचा नाव पुसलंस?”

“ते नाव नाही काका, चावी आहे. त्या खात्याला मशीनमधलं सगळं उघडता येतं. गिऱ्हाइकाने स्वतःचं खातं काढलं तरी त्याच्या डोक्यावर हे बसलेलं राहणार. आणि प्रती काढल्या की पासवर्ड सगळीकडे तोच.”

“श्री लिवल्याशिवाय वस्तू भायर काढूची नसता. तुका नाय कळूचा.”

आमचा विक्रीवाला तिथेच टेबलावर बसून बिस्किट खात होता. तो म्हणाला, “ओपन सोर्सच आहे ना यार. सगळं उघडंच असतं त्यात. कशाला टेन्शन घेतेस?”

मी त्याच्यावर असली ओरडले की शेजारच्या गाळ्यातले लोक डोकावून गेले. अरे गाढवा, सोसायटीचा नकाशा सगळ्यांना माहीत असतो, म्हणून काय सगळ्या दारांना एकच कुलूप लावतात? तो हसला. बाकीचेही हसले. बाई चिडली की बघणाऱ्यांची करमणूक होते, हे मला काही नवीन नव्हतं. त्या दिवसापासून प्रती काढायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. श्री परत आला. लोकांना सोपं जावं म्हणून पासवर्ड मशीनच्या पोटावर स्टिकरवर छापला. इंग्रजीत श्री आणि पुढे एक-दोन-तीन. गिऱ्हाइकांचे फोन आले, ‘उघडल्या उघडल्या श्री दिसतं, झकास वाटतं.’ काका मला ते मुद्दाम ऐकवायचे.

माझी एक मैत्रीण घाटकोपरला महिलांच्या केंद्रात समुपदेशक आहे. नवऱ्याचा मार खाऊन घर सोडलेल्या बायका तिच्याकडे येतात. त्या केंद्राला कोणा देणगीदाराने आमचे लॅपटॉप दिले. मला पत्ताच नव्हता. मैत्रिणीने तिच्या परीने सगळं नीट केलं. स्वतःचं खातं उघडलं, अवघड पासवर्ड ठेवला, स्टिकर काढून टाकला. श्री तिला पडद्यावर दिसत होता. तिला वाटलं, शुभ म्हणून ठेवलंय काहीतरी.

तिच्याकडे एक बाई आली होती, मुलीला घेऊन. केंद्राने तिला बोरिवलीला खोली मिळवून दिली आणि जवळच पॅकिंगचं काम लावून दिलं. ती कुठे राहते हे माझ्या मैत्रिणीला ठाऊक होतं आणि तिच्या लॅपटॉपला. नवऱ्याला कळता कामा नये, एवढंच त्या बाईचं मागणं होतं.

नवऱ्याला केंद्रात बोलणी करायला बोलावलं. मैत्रीण पडदा लॉक करून केंद्राच्या मॅडमना बोलवायला बाजूच्या खोलीत गेली. नवरा कुर्ल्याला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला, आणि तिथे आमचीच मशीनं. समोर श्री दिसला आणि त्याने रोजचा पासवर्ड मारला.

दुसऱ्या दिवशी तो बोरिवलीला तिच्या इमारतीच्या फाटकाशी उभा. त्याने तिला हात लावला नाही. वॉचमनसमोर हसत हसत सांगितलं, आमच्या ऑफिसात पण हाच लॅपटॉप आहे, पासवर्ड तोच. मग तो रोज यायला लागला, नुसता उभा राहायला. तिने काम सोडलं आणि खोलीही.

मैत्रिणीचा फोन आल्यावर मी तशीच काकांच्या केबिनमध्ये घुसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं बिल बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “पुढच्या लॉटाक पासवर्ड बदलूया. श्री मात्र रवांदे.”

मला वाटलं, समोरचं टेबल उलटं करावं. काकांना वाईट वाटलं होतं, डोळ्यांत दिसत होतं. पण ते वाईट वाटणं फुकटचं होतं, त्यात त्यांचं काही जात नव्हतं. मी तोंडीच राजीनामा फेकला. लिहून द्यायचाही मला कंटाळा आला होता.

केंद्रातली सगळी मशीनं मी स्वतः जाऊन साफ केली. मी तिथे असतानाच ती बाई कागदपत्रं न्यायला आली. बराच वेळ माझ्या बाजूला उभी राहून बघत होती.

“ताई, ते नाव असं पुसता येतं?”

“हो.”

“मग आधी का नाही पुसलं?”

मी तिला पूजेचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पिशवीची गाठ बांधली. मैत्रीण म्हणाली, “नवीन पत्ता सांग ना. लॅपटॉपमध्ये नाही, कागदावरच लिहिते.”

“कागदावर पण नको.”

“बरं, नुसतं तोंडी सांग. माझ्यापाशीच राहील.”

“तुमच्यापाशी पण नको, ताई.”

तिने फोन नंबरही बदलला. तिच्या मुलीसाठी केंद्राने वसतिगृहाच्या शाळेत अर्ज केला होता. पुढच्या महिन्यात प्रवेश मंजूर झाला. मैत्रिणीने मला फोन करून सांगितलं, पण ही बातमी जिला द्यायची ती कुठे आहे हे आता खरंच कोणाला माहीत नव्हतं.