मशीनपुढचा नारळ

आमच्या सुपरवायझरांइतका चिडका माणूस नाहूरपासून कुर्ल्यापर्यंत शोधून सापडला नसता, आणि त्यांच्यावर माझ्याइतकं कुणी चिडलंही नसेल. ऐंशीच्या दशकात मी मुलुंडच्या एका औषध कारखान्यात इंजेक्शनच्या बाटल्या भरायला होते. ती खोली निर्जंतुक ठेवणं हे त्यांचं काम, पण त्यांनी त्याचं व्रतच घेतलं होतं. रोज दारात उभे राहून ते आम्हा बायकांची तपासणी करत. बांगड्या काढा, कुंकू पुसा, नखं दाखवा! पावडर लावून आलेलीला दोनदा तोंड धुवायला लावत. आत भरभर चालायची बंदी, कारण म्हणे अंगातून कण झडतात. लग्नात अक्षताही टाकत नाहीत, तांदळाची धूळ उडते म्हणून, हे त्यांच्या बायकोनंच कपाळावर हात मारून सांगितलं होतं. मला सर्दी झाली तर आठवडाभर लेबलं चिकटवायला बसवलं. मी कडाकडा भांडले. म्हणाले, "बाई, तुमची शिंक पेशंटच्या शिरेत जाईल. कळतंय ना?" त्या 'कळतंय ना'नं माझं डोकंच फिरायचं.

मग दसरा आला. मालक झेंडूची माळ, नारळ आणि पेटत्या उदबत्त्या घेऊन थेट खोलीच्या दारात! मशीनची पूजा करायची होती, आणि आत बाटल्या उघड्या. सुपरवायझर आडवे आले. "पूजा बाहेर करा, साहेब."

"अरे, देवाच्या नारळात कसले जंतू?" मालक हसले, त्यांना बाजूला सारून चपलांसकट आत शिरले आणि मशीनपुढं नारळ फोडला. पाणी उडालं. भरलेल्या सगळ्या बाटल्या सुपरवायझरांनी उचलून मोरीत ओतल्या.

दुसऱ्या दिवशी मालकांनी आम्हाला कागद दिला: पूजा बाहेरच झाली, सुपरवायझरांनी रागाच्या भरात माल फुकट घालवला. धडधडीत खोटं! पहिली सही मी केली. लेबलांचा राग काढला, दुसरं काय. त्यांना घरी बसवलं. जाताना मला एवढंच म्हणाले, "बाई, तुम्ही होतात ना आत?"

दोन वर्षांनी माझी मुलगी तापानं फणफणली. डॉक्टरांनी इंजेक्शनची बाटली काढली, ती आमच्याच कारखान्यातली. मी पोरीचा दंड झटकन मागे ओढला. "दुसऱ्या कंपनीचं द्या," म्हटलं. डॉक्टर बघतच राहिले. आता राग येतो तो माझाच. तो छळवादी माणूस त्या दारात उभा असता, तर मी निर्धास्तपणे तिचा दंड पुढे केला असता.