टंबाला

मोनाली तायडे आणि मी एकाच कंपनीत होतो. जयपूरच्या झालान्यात, जंगलाच्या कुंपणाला लागून असलेल्या इमारतीत. आम्ही कॉम्प्युटर गेम बनवायचो. म्हणजे गेम परदेशातली एक मोठी कंपनी बाजारात आणायची आणि त्यातली मेहनतीची कामं आमच्याकडे पाठवायची. मोनाली पात्रांना चालवायची. पडद्यावरचा माणूस पाय कसा उचलतो, वळताना मान आधी वळते की खांदा, ते तिचं काम. मी पात्रांच्या तोंडची वाक्यं लिहायचे. ऑफिसात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. माझे बाबा विमा कंपनीतून बदली होऊन जयपूरला आलेले. तिचे वडील मूर्तिजापूरकडचे, रेल्वेत. ते गेल्यावर त्यांच्या जागी तिच्या आईला, भीमाबाईंना, नोकरी मिळाली. कानोत्याच्या बाजूला एका फाटकावर त्या गेटमन होत्या. 'गेटवुमन' कोणी म्हणत नसे.

भीमाबाईंचा डावा पाय जुन्या अपघातानं अधू होता. तो थोडा ओढत, उजव्या हातातल्या बत्तीच्या वजनानं खांदा तिकडे झुकवत त्या चालायच्या. फाटक पाडल्यावरही कोणी सायकल खालून घुसवली, की एरवी हिंदी बोलणाऱ्या त्या एकदम आपल्या बोलीवर यायच्या. "थांब, बाळा! गाडी येऊन राहिली!" घुसणारा पन्नाशीचा दूधवाला असला तरी तो 'बाळा'च. आणि तो थांबायचा.

मोनालीच्या डोक्यात गेम आला तो यातूनच. २००५ साल असेल. अंधारात बुडालेला एक मुलूख, त्यातून जाणारे रूळ, आणि बत्ती घेऊन चालणारी एक बाई. वाट चुकलेली माणसं तिला भेटतात. ती त्यांना फाटकाशी थांबवते, गाडी जाऊ देते, मग पलीकडे पोचवते. बंदूक नाही, मारामारी नाही. खेळणाऱ्यानं योग्य वेळी थांबायचं, एवढंच. आमचे मालक सुखदेवजी भला माणूस. ते म्हणाले, "शनिवारी कर, कॉम्प्युटर वापर."

आईची चाल टिपायला तिनं कॅमेरा मागून आणला. रेल्वे क्वार्टरच्या अंगणात भीमाबाई पदर खोचून उभ्या.

"अवं, मी काय हिरोईन आहे का?"

"आई, तू फक्त चाल."

"चालूनच तं राहिली जन्मभर," त्या म्हणाल्या आणि चालल्या. मोनालीनं त्यांचा आवाजही घेतला. मी तिथेच होते. मला गरम भाकरी आणि झणझणीत ठेचा मिळाला, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून हसूही.

त्यानंतरच्या मार्चमध्ये भीमाबाई तापाचं निमित्त होऊन गेल्या. मोनाली कामावर परतली ती गेम पुरा करायलाच. ऑफिसातल्या ज्यानं त्यानं तो खेळून पाहिला. खेळून झाल्यावर काही जण नुसते बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

परदेशातल्या साहेबांनी फोनवर सांगितलं, "सुंदर आहे. पण हा गेम कोणाला माहीत आहे? 'डेड डेपो' लोक नाव घेऊन मागतात. सध्या आम्ही नवीन काही काढत नाही. 'डेड डेपो'चा तिसरा भाग काढतोय." मग म्हणाले, "ती बाई मात्र आवडली. तिची चाल अंगावर काटा आणते. तिसऱ्या भागात भुतीण म्हणून घेऊ."

'डेड डेपो' म्हणजे ओसाड डेपोत फिरणारी प्रेतं, आणि त्यांना गोळ्या घालायच्या. तिसऱ्या भागात तेच, फक्त प्रेतं जास्त.

कंपनीत केलेलं सगळं कंपनीचंच, हे करारात होतं. सुखदेवजींनी मोनालीला केबिनमध्ये बोलावलं. "बेटा, हे काम गेलं तर ऑफिसला कुलूप लागेल. तुला जमत नसेल तर दुसऱ्या कोणाला देतो."

"मीच करते," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मी चिडून विचारलं, "कशाला?"

"दुसरा कोणी तिची चाल बिघडवून ठेवेल."

तिनंच बत्ती काढून हातात कुऱ्हाड दिली. तिनंच डोळे पांढरे केले. गोळी लागल्यावर ती कशी पडते, तेही तिनंच केलं. आधी गुडघे, मग हात जमीन शोधतो, मग बाकीचं शरीर. हे पडणं तिनं कुठून घेतलं, ते मी विचारलं नाही. आवाज तसाच ठेवायचा असा निरोप आला होता. भाषा कळत नाही म्हणून जास्त भीती वाटते, असं साहेबांचं म्हणणं.

मग टेस्टिंग सुरू झालं. आमच्या टेबलांमागे ती खोली. दिवसभर तिथून ऐकू यायचं, "थांब, बाळा!" आणि लगेच गोळी. पुन्हा हाक, पुन्हा गोळी. मोनाली कानात कापूस घालून बसायची. चहाच्या वेळी तो काढायची आणि पुन्हा घालायची.

तिसरा भाग धडाक्यात खपला. तिकडची पोरं इंटरनेटवर त्या भुतिणीबद्दलच लिहायला लागली. 'थांब बाळा'चं त्यांनी 'टंबाला' केलं. टंबाला कुठे लपते, टंबालाला कसं मारायचं. चौथ्या भागात टंबाला जास्त हवी, अशी मागणी आली. एकदम तीन-तीन. पाचव्याचं नावच तिच्यावरून ठेवायचं ठरलं. रबराचे मुखवटे निघाले. एक नमुना ऑफिसात आला, तो सुखदेवजींनी घाईघाईनं कपाटात टाकला.

मोनाली बारीक होत गेली. जेवणाच्या सुट्टीत जिना उतरताना ती मध्येच थांबायची. "ऐकलंस?" मला काहीच ऐकू यायचं नाही. ती म्हणायची, पाय ओढत कोणीतरी मागून येतं. वळलं की कोणी नसतं. एकदा भर दुपारी, रस्त्यावर लख्ख ऊन असताना, तिनं माझा दंड घट्ट धरला. मग म्हणाली, "ती आई असती तर मी घाबरले नसते ना, तनया."

घरी भिंतीवर भीमाबाईंचा फोटो होता. मी म्हटलं, त्याच्याकडे बघत जा.

"फोटोतली आई हलत नाही. ठीक असते. मनात चालायला लागली, की डोळे पांढरे होतात."

पाचव्या भागाच्या टेस्टिंगमध्ये वरुण नावाचा मुलगा होता. गेम चालू असताना त्याला घरून फोन आला, म्हणून त्यानं कीबोर्डवरचे हात काढून घेतले. फोन झाल्यावर तो आमच्याकडे आला. "मॅडम, अजीब आहे. गोळी न झाडता नुसतं उभं राहिलं, तर टंबाला मारत नाही. जवळ येते, हात वर करते. मग बाजूनं निघून जाते."

मोनाली पडद्याकडेच बघत होती. "मग?"

"मतलब, बग आहे ना."

चूक नव्हती ती. तिसऱ्या भागापासून तसंच होतं. मोनालीनं ठेवलं होतं. एवढ्या लोकांनी खेळून कोणाला कळलं नव्हतं, कारण कोणी थांबलंच नव्हतं.

तिकडून निरोप आला, हे ताबडतोब काढा. मोनाली सुखदेवजींसमोर उभी राहिली. "कुऱ्हाड दिली. डोळे दिले. हे नाही काढणार."

सुखदेवजी म्हणाले, "तुझी आई आहे ती, मला माहीत आहे. पण बेटा, आता ती फक्त तुझी नाही राहिली."

मोनालीनं त्याच दिवशी नोकरी सोडली. तिच्या जागी आलेल्यानं ते काम चहाच्या आधीच उरकलं. नंतर टंबाला कोणालाही सोडत नसे.

मोनाली जयपूरजवळच्या बगरूला गेली. तिथे कापडावर ठशांनी छपाई करणारं एक कुटुंब तिच्या ओळखीचं होतं. ती त्यांना नवे नमुने काढून द्यायला लागली. फुलं, पानं, वेली. माणूस एकही नाही, पक्षीसुद्धा नाही. चालणारं काही काढत नाही, असं तिनं त्यांना सांगून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी मी तिला भेटायला गेले. ती बरी दिसत होती, बोटं निळीनं रंगलेली. आम्ही वाळत घातलेल्या कापडांच्या सावलीत बसलो.

ती म्हणाली, "मला आईबद्दल सांग. तू तिला आधीची ओळखतेस."

मी सांगायला लागले. ठेचा खाऊन माझी कशी वाट लागली. हसताना त्या तोंडावर पदर कशा धरायच्या. कॅमेऱ्यापुढे उगाच कशा ताठ झाल्या. मोनाली हसली. "आणखी," म्हणाली. मी आठवून आठवून सांगत राहिले. तिच्या चेहऱ्यावर रंग आला.

मग तिनं विचारलं, "आणि आवाज? तिची हाक तुला आठवते?"

"आठवते की," मी म्हटलं आणि ती मनात ऐकायला गेले. हाक आली, अगदी स्पष्ट, मूर्तिजापूरच्या हेलासकट. आणि तिच्या पाठोपाठ गोळी.

माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मोनालीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आणखी काही विचारलं नाही.