जपून ठेवलेला सोफा

दादा परदेशातून कायमचा परत आला तेव्हा त्याच्याबरोबर एक बॅग होती आणि दोन पिंजरे होते. बॅगेत काय आहे हे कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांचे डोळे पिंजऱ्यांवर खिळले होते. एकात म्हातारा, तोंडाला करडेपणा आलेला कुत्रा. दुसऱ्यात काळीपांढरी मांजर, तीही काही तरुण नव्हे. लोक तिकडून येताना घड्याळं आणतात, अत्तरं आणतात. "एवढी वर्षं राहून हेच कमावलंस का रे?" असं शेजारच्या काकू हसत हसत म्हणाल्या. दादाही हसला. खरं सांगायचं तर हेच कमावलं होतं.

दादा सोफे बनवणारा. तरुणपणी गल्लीच्या तोंडाशी त्याचं लहानसं दुकान होतं, आणि त्याने ताणून बसवलेल्या कापडावर सुरकुती दाखवा अन् बक्षीस मिळवा, अशी त्याची ख्याती होती. मग परदेशातल्या एका मोठ्या कारखान्यातून बोलावणं आलं. दोन वर्षांत येतो म्हणून गेला आणि वीस-एक वर्षं तिथेच हॉटेलांच्या खुर्च्यांना कापडं चढवत राहिला. लग्न राहून गेलं. मधे आई गेली, तेव्हा सुट्टी मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेवटी कापड ओढून ओढून बोटांची पेरं सुजली, कारखान्यालाही टाळं लागलं, आणि धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "आता तरी ये रे दादा. घर तुझंच आहे." तो आला.

कुत्र्याचं नाव मास्तर. कारखान्याच्या अंगणात बसून तो कामगारांकडे असा रोखून बघायचा की कुणाचं काही चुकलंय असंच वाटावं. मांजर आपणहून खिडकीतून आली होती. मांजर ही वाघाची मावशी, तेव्हा दादालाही ती मावशीच. त्या एका खोलीत तिघं राहायची. तिकडे मराठीचा एक शब्द बोलायला माणूस नव्हतं, म्हणून दिवसभराचं सगळं तुंबलेलं बोलणं दादा या दोघांपुढे मोकळं करायचा. "दमलो रे मास्तर." "मावशे, उतर खाली, तो गिऱ्हाइकाचा तुकडा आहे." बहिणीशी फोनवर मात्र तब्येत, हवापाणी, आणि मग ठेवू का. धाकटीचे यजमान तर सुरुवातीची काही वर्षं समजत होते की मास्तर आणि मावशी हे घरमालकाचं जोडपं आहे. "मास्तरांना आमचा नमस्कार सांगा," असं ते न चुकता म्हणायचे. दादा तो पोचवायचा, आणि मास्तर शेपूट हलवून स्वीकारायचा.

आता घरात बोलायला माणसं होती, आणि दादाला बोलता येईना. सवय सगळी जनावरांशी बोलण्याची. एकदा मेहुणे बाहेरून आले, खुर्चीत टेकले, आणि दादाच्या तोंडून निघून गेलं, "बसलात? शाब्बास!" मेहुणे त्याच्याकडे बघतच राहिले. धाकटीने चहा दिला की तो प्रत्येक कपाला आभार मानायचा. चार दिवस तिने ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी कप आदळला. "आभार कसले मानतोस रे ऊठसूट? मी काय हॉटेल उघडलंय?" त्यावर दादा म्हणाला, "माफ कर." मग तर ती आणखीच चिडली.

थकवा तर असा की झोपून उठलं तरी तो उशाशी बसलेलाच. इतकी वर्षं घरी जायचं, घरी जायचं म्हणून माणूस स्वतःला ढकलत राहतो. घर आल्यावर ढकलायला काही उरत नाही. गल्लीत कोण कुणाचा मुलगा ते ओळखू येत नव्हतं. दुकानाच्या जागी मोबाइल दुरुस्तीवाला बसला होता आणि तो दादाला "काका, काय पाहिजे?" म्हणाला. दादाला काहीच नको होतं.

मास्तर आणि मावशीची रवानगी पहिल्याच दिवशी मागच्या बाल्कनीत झाली होती. यात मेहुण्यांचा दुष्टपणा नव्हता. मेहुणे विजेचे मीटर वाचण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले. उभा जन्म परक्या फाटकांतून आत शिरण्यात गेला, आणि प्रत्येक फाटकाआड एक कुत्रा. पोटरीवरचे वण ते अजून दाखवत. "मालक म्हणतो, काही करत नाही हो तो. आणि मालकाचं म्हणणं संपायच्या आत तो करून मोकळा होतो." त्यामुळे बाल्कनीचं दार बंद. आत मेहुणे, बाहेर मास्तर. आणि दादा बहुतेक वेळ बाहेरच, कपड्यांच्या दोरीखाली, एका स्टुलावर. ना घरचा ना घाटचा म्हणतात तो कुत्रा, पण इथे ती गत मालकाची झाली होती.

पुढच्या खोलीत मात्र एक गोष्ट त्याच्या ओळखीची होती. भिंतीला लागून त्याचा सोफा उभा होता. परदेशी जाण्याआधी त्याने स्वतःच्या हातांनी केलेला शेवटचा सोफा. वर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर चादर. "बघ, जसाच्या तसा आहे," धाकटी पहिल्याच दिवशी अभिमानाने म्हणाली होती. आपण येणार म्हणून धुऊनपुसून झाकून ठेवला असेल, असं दादाला वाटलं. त्याला बसायला प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली. पाहुण्याने कशाला विचारावं?

एका सकाळी धाकटी कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेली आणि दार ओढायला विसरली. मावशी आत आली. साऱ्या घरातून फिरून ती नेमकी सोफ्याच्या चादरीखाली घुसली. प्लॅस्टिक इतकं जुनं झालं होतं की पंजा लागताच तडकलं. तिकडे सोफ्यांच्या ढिगात वाढलेली, पण गिऱ्हाइकाच्या कापडाला जिने कधी नख लावलं नाही, त्या मावशीने इथे बैठकीचं कापड पुढच्या कडेने टरकावलं. आता बाल्कनीतला राग काढला की काय, ते तिलाच ठाऊक.

धाकटी ओरडत आली आणि फाटलेलं बघून मटकन खाली बसली.

"किती जपला होता रे मी! कुणाला बसू दिलं नाही. यांना नाही, आल्यागेल्याला नाही. तुझ्या हातचा म्हणून."

दादाला आधी नीट कळलंच नाही. "कुणाला म्हणजे?"

"कुणालाच नाही."

"आई बसायची ना?"

धाकटी म्हणाली, "आई खुर्चीत बसायची. त्याचा आहे, तो आला की बसू म्हणायची."

तो सोफा दादाने आईसाठी केला होता. तिचे गुडघे धरायचे, खाली बसलं की उठताना कुणाचा तरी हात लागायचा. म्हणून तिला खुर्चीत बसवून, टाचेपासून गुडघ्यापर्यंत टेप धरून त्याने बैठकीची उंची काढली होती, आणि हाताला आधार मिळावा म्हणून कडेचे हात पुढे काढले होते. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सोफेवाल्याला यात सांगण्यासारखं काय वाटणार? बसलं की कळतंच. तिकडे खोलीत भिंतीला टेकून जेवताना त्याच्या डोळ्यांपुढे यायचं ते हेच, आई त्या सोफ्यावर बसली आहे आणि हातावर रेटा देऊन एकटी उठते आहे. या एका गोष्टीचं त्याला समाधान होतं. आई गेल्याचं कळलं तेव्हाही त्याने स्वतःची समजूत याच गोष्टीने घातली होती.

संध्याकाळी मेहुण्यांनी घसा खाकरला. "राग मानू नका. गावाबाहेर माझ्या ओळखीचे एक नर्सरीवाले आहेत. त्यांना राखणीला कुत्रं हवंय, उंदरांना मांजर. उद्या त्यांचा टेम्पो इकडे येतोय. मोकळी जागा आहे, जनावरं सुखात राहतील."

मास्तर राखण काय करणार? त्याचे मागचे पाय सकाळी दहा पावलं टाकल्याशिवाय सुटत नव्हते. दादाच्या आवाजाखेरीज त्याला ओळखीचं काही उरलं नव्हतं. खांबाला बांधलेला तो फार दिवस काढणार नाही, हे दादाला स्वच्छ दिसत होतं. नाही म्हणायचं तर दुसरी खोली शोधायची, बॅग भरायची, पिंजरे उचलायचे, आणि पुन्हा एका भिंतीला टेकून जेवायचं. आणि ज्या घराला घर म्हणत एवढी वर्षं काढली, त्याच्या दाराबाहेर पाहुण्यासारखं पडायचं. त्याने धाकटीकडे पाहिलं. ती भांडी आवरत होती आणि मान वर करत नव्हती.

"बरं," दादा म्हणाला. दमलेल्या माणसाला होकार सोपा पडतो.

दुसऱ्या दिवशी मेहुणे सकाळीच बाजाराला गेले. टेम्पोच्या वेळी घरात नसलेलं बरं, असा त्यांचा हिशेब असावा. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशातली गत. दादाने बॅगेतून हत्यारं काढली. जाण्याआधी, म्हणजे ती दोघं जाण्याआधी, निदान मावशीने केलेलं नुकसान भरून द्यावं असं त्याच्या मनात होतं. त्याने चादर काढली, तडकलेलं प्लॅस्टिक सोलून काढलं, आणि कडेचे खिळे एकेक करून उपटायला घेतले. धाकटी कापड धरायला समोर बसली.

कापड उचललं तेव्हा आतून पिवळी पूड सांडली. दादाने हात घातला. फोमचा तुकडा बोटांत आला आणि चुरा होऊन गळून पडला. आणखी आत घातला, तिथेही भुगाच. वरून कापड कोरं करकरीत, रंगसुद्धा उडालेला नाही, आणि आत बसण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

"हे काय झालं?" धाकटीने विचारलं. "कुणी बसलं नाही तरी?"

"फोमचं आयुष्य तेवढंच असतं. बसा नाहीतर नका बसू."

"मग मी काय राखत होते?"

दादा पूड झटकत राहिला. धाकटीने पदराने नाक पुसलं. मग खाली बघत म्हणाली, "आई एकदा बसली होती. तू गेल्यावर लगेच. गुडघ्यांना तेल चोळलं होतं तिने. मी म्हटलं, आई, कापडाला डाग पडेल गं. उठली. हातावर रेटा दिला आणि आपली आपण उठली, मला बरं वाटलं बघून. पण परत कधी बसली नाही."

"एकटी उठली?"

"हो. कुणाचा हात न धरता."

दादाच्या हातातली पक्कड जमिनीवर पडली. आई गेल्यावर परक्या खोलीत, कामावर, विमानात, इथे आल्यावर, कुठेच त्याला रडू आलं नव्हतं. आता आलं. मोठ्याने आलं, लहान पोरासारखं, आणि पूड माखलेल्या हातांनी तोंडही झाकता येईना. बाल्कनीच्या दारामागे मास्तर उभा राहिला आणि दाराला नाक घासायला लागला. धाकटी उठली. तिने दार उघडलं आणि त्याला आत घेतलं. म्हातारा कुत्रा लंगडत आला आणि दादाच्या मांडीला टेकून बसला.

तेवढ्यात खाली टेम्पो वाजला. नर्सरीवाला वर आला, दारातच थबकला. रडणारा पुरुष, खोलीभर पिवळा चुरा, आणि मधे कुत्रा. "तो कुत्रा न्यायचाय ना?" त्याने चाचरत विचारलं.

"कुत्रा नाही," धाकटी म्हणाली. "हा सोफा घेऊन जा. लाकूड चांगलं आहे. कुंड्या मांडायला होईल."

"पण साहेब म्हणाले होते..."

"साहेबांना मी सांगते. एका बाजूने धरा."

तिने स्वतः एक बाजू धरली. सोफा जिन्यात अडकला, तिरपा केला, पुन्हा अडकला, शेवटी निघाला. दादा उठून मदतीलाही गेला नाही. ज्याने तो दारातून आत आणला होता त्याला तो बाहेर कसा काढायचा हे माहीत होतं, पण अंगात त्राणच नव्हतं.

मेहुणे परतले तेव्हा भिंतीपाशी फरशीचा एक लांबट चौकोन तेवढा लख्ख दिसत होता, आणि त्या चौकोनात दादा पाय पसरून बसला होता. मास्तरचं डोकं त्याच्या मांडीवर. मावशी खिडकीत. धाकटी भिंतीला पाठ लावून बसली होती, हातात केरसुणी होती आणि केर तसाच होता. मेहुणे पिशव्या घेऊन दारात उभे राहिले.

"सोफा?"

"गेला," धाकटी म्हणाली.

"आणि हे?"

"हे राहतंय."

ती अशा आवाजात बोलली की संसाराला मुरलेल्या माणसाने पुढचा प्रश्न विचारू नये. मेहुणे भिंतीच्या कडेकडेने, मास्तरवरची नजर न काढता, खुर्चीपर्यंत पोचले. बसले, आणि दोन्ही पाय वर घेतले. मास्तर घोरायला लागला, तेव्हा त्यांनी एक पाय खाली सोडून पाहिला, पुन्हा वर घेतला.

"दादा," ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "उठा आता. फरशी गार आहे, पाठ धरेल तुमची. हात देऊ का?"

"उठतो हो," दादा म्हणाला. "जरा बसू द्या."