परीच्या रक्तातलं शिसं

सात रस्ता चौकाजवळ आम्हा तिघांची बॅटरी रिपेरिंगची तीन दुकानं, शेजारी शेजारी. गिऱ्हाईक कमी आणि गप्पा जास्त, त्यामुळे किस्से साठतात. पूर्वी ते संध्याकाळी घरी सांगायचो. आता घरी ऐकायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझ्या चार वर्षांच्या परीचं पोट सारखं दुखायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर त्यात शिसं! बॅटरीतलं, माझ्याच कपड्यांवरून घरी आलेलं. मी घरी आलो की ती पळत येऊन चिकटायची, आणि मी तसाच तिला उचलून घ्यायचो. घर धुऊन निघेपर्यंत मुलगी तिथं नको, असं डॉक्टर म्हणाले. बायको, सुजाता, तिला घेऊन वैरागला माहेरी गेली.

*

बातमी कळताच शेजारचे रफिकभाई जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक घेऊन आले. "पेट पे फिराव, खींच लेता!"

"भाई, एवढी वर्षं शिसं वितळवताय. कधी चुंबकाला चिकटलं का?"

भाईंनी चुंबक उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाले, "बच्ची का पेट अलग रहता ना!"

*

पलीकडच्या सिद्रामअण्णांनी कोथिंबिरीच्या चार जुड्या आणल्या. "रोज पेलाभर रस पाजा. मोबाइलवर दावलंय की!"

मी फोनवर सांगितलं, सुजातानं तिकडं तीन दिवस पाजला. चौथ्या दिवशी तिचा फोन आला, "पोरगी आता पोह्यातली कोथिंबीरबी निवडून टाकतीया. शिसं कुटं निघतंय!"

*

मग सासूबाईंनी एका जडीबुटीवाल्याची पुडी पाठवली. मी ती आधी डॉक्टरांना दाखवली. म्हटलं, अंगातले विषारी धातू काढते म्हणे.

"ह्यातच शिसं नाही कशावरून?"

डॉक्टरांनी पुडी ठेवून घेतली. "औषध लागलं तर मी देईन. सध्या तिला नीट जेवण, आणि तुम्हाला आंघोळ!"

एवढा शिकलेला माणूस मला आंघोळ सांगत होता!

*

तेव्हापासून दुकानामागच्या नळावर आंघोळ करतो, कपडे तिथंच बदलतो. पहिले दोन दिवस भाई आणि अण्णांनी "नवरदेव" म्हणून चिडवलं. पण त्यांच्याही घरात लहान नातवंडं आहेत. आता संध्याकाळी नळावर नंबर लागतात.

घरी जाऊन रोज ओल्या फडक्यानं फरशी पुसतो. घाण करणारं कुणीच नाही, त्यामुळे काम लवकर आटपतं. ते मला अजिबात आवडत नाही.

*

दुसऱ्या रिपोर्टमध्ये शिसं कमी आलं. गेल्या रविवारी वैरागला गेलो. सकाळी दोनदा आंघोळ, वासाचा साबण, कोरा शर्ट!

परी अंगणातून पळत आली आणि हातभर अंतरावर थांबली.

"आंगुळ केली का?"

"दोनदा!"

तिनं माझा हात धरला आणि तळवा हुंगला. माझ्या तोंडाकडं बघितलं. पुन्हा हुंगला. मग हात सोडून घराकडं वळून ओरडली,

"आई, हे पप्पा न्हाईत! पप्पांचा वासच येत न्हाई!"