पोत्याचं दुसरं टोक

माझ्या सासऱ्यांकडे पीक राखायच्या परवान्याची बाराबोर बंदूक आहे. लग्न होऊन मी किन्हवलीजवळच्या या घरात आले तेव्हा मला त्या बंदुकीची भीती वाटली नाही, राग आला. भाद्रपदात गौरी-गणपतीच्या कामांनी मी मेटाकुटीला यायची आणि नेमक्या त्याच दिवसांत सासरे, म्हणजे बाबा, ओट्यावर पुंगळ्यांचा पसारा मांडून बसायचे.

पुंगळी म्हणजे उडवलेल्या काडतुसाचं रिकामं नळकांडं. हल्लीच्या प्लास्टिकच्या पुंगळ्या एकदा उडवल्या की टाकून द्यायच्या. बाबांच्या पितळी होत्या, त्यांच्या वडिलांच्या वेळच्या. त्या साफ करून पुन्हा भरता येतात आणि तशा आता कुठे मिळत नाहीत. एकोणीस होत्या. भरायचं काम बाबा एकटेच, आतल्या खोलीत दार लावून करायचे. तिकडे मी कधी फिरकले नाही. माझा संबंध फक्त घासण्याशी.

आमचं शेत जंगलाला लागून आहे. भाताच्या दाण्यात दूध भरलं की डुकरं उतरतात आणि एका फेरीत अर्धं शेत झोपवून जातात. बाबांनी त्यांना मारायची परवानगी कधी मागितली नाही. दिवेलागणीला बांधावर उभं राहून नुसता आवाज करायचा, आत छर्रे नाहीत. एक बार झाला की कळप दोन दिवस फिरकत नाही.

मी मुरबाडच्या बाजारपेठेत वाढलेली. आमच्याकडे पितळ म्हणजे समई, तांब्या आणि देवाची घंटा. पहिल्या वर्षी मोठ्या हौसेने मी पुंगळ्या देवाच्या उपकरण्यांबरोबर चिंचेच्या पाण्यात टाकल्या. बाबांनी ते बघितलं आणि धावत येऊन हात घालून सगळ्या बाहेर काढल्या.

"आगो, ह्या काय आरतीला लावायच्यात? चिंच पितळ खाते. चकचकीत नाय पायजेत, धड पायजेत."

मग त्यांनी मला त्यांची पद्धत दाखवली. कोमट पाण्यात रिठे कुस्करायचे, त्यात पुंगळ्या बुडवायच्या. आतली काजळी काडीला काथ्या गुंडाळून खरवडायची. उन्हात वाळवायच्या. मग पोत्यात भाताचं तूस भरायचं, त्यात पुंगळ्या टाकायच्या आणि दोघांनी दोन टोकं धरून पोतं झुलवायचं, एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे. तूस खरखरीत असतं, पण ओरखडा पाडत नाही. तासाभराने पितळ असं निघतं की काय सांगू, मलाच कौतुक वाटायचं. खांदे मात्र दुसऱ्या दिवशी उचलत नसत.

ते दुसरं टोक सासूबाईंचं होतं. त्या मी यायच्या आधीच गेल्या होत्या. नवरा कसाऱ्याला रेल्वेत कामाला, तो सकाळीच निघणार. तेव्हा सासूबाईंचा पाटा-वरवंटा, त्यांचं तुळशीला पाणी घालणं आणि पोत्याचं टोक, सगळं न विचारता माझ्याकडे आलं.

शेवटी बाबा प्रत्येक पुंगळी दुसरीवर वाजवायचे. टिण्. वाजवायची आणि माझ्याकडे बघायचं. मी मान हलवायची. पुंगळी टोपलीत. पुन्हा टिण्, पुन्हा माझ्याकडे बघायचं, पुन्हा मान. मला वाटायचं, म्हातारा पारख करतोय आणि सुनेला आपली विद्या दाखवतोय. सासऱ्यांनी काही दाखवलं तर दुसरं काय करणार? घरात मी होयबाच होते. आधी हो म्हणायचं, विचार मागाहून. शिवाय आत दूध उतू जात असायचं. एखादी पुंगळी टिण् न म्हणता टप् म्हणाली, तरी मी मान हलवली.

अशी तीन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी आश्विनात मी दिवा लावत होते. बांधावरून धडाम् ऐकू यायचं, त्याच्याऐवजी फुसका, पसरट आवाज आला. बाबा पंचा गालावर दाबून अंगणात आले. भुवई जळालेली, पापणी भाजलेली, अर्धं तोंड काळं. पुंगळी उभी चिरली होती आणि आग मागे आली होती. किन्हवलीच्या डॉक्टरांनी धुऊन मलम लावलं आणि म्हणाले, डोळा वाचला, बोटभर इकडे असतं तर वाचला नसता.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने नळीत अडकलेली पुंगळी काढून दिली. मी ती ओट्याच्या कडेवर आपटून बघितली. फुटक्या मडक्यासारखी बोलली. माझा पारा चढला.

"बाबा, ही आधीच तडकलेली असणार. तुमी वाजवून बघितलीत ना?"

ते मलमाची डबी उघडत राहिले. त्यांना हाक दोनदा मारावी लागते. आम्ही त्याला हट्टीपणा म्हणायचो. मी पुन्हा, ओरडूनच विचारलं.

"मला कुठं आयकू येतं गो," बाबा म्हणाले. "बंदुकीनंच कान खाल्ले. मोठ्यानं बोललं तर येतं, पन ती टिणटिण येत नाय."

"मग वाजवत कशाला होतात?"

"तुला आयकवायला." त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुझी सासू आयकायची. चांगली असली तं मान हलवायची. फुटकी असली तं हात पुढं करायची, मी तिच्या हातात द्यायचो. तू सगळ्यांनाच मान हलवलीस. मला वाटलं, पुंगळ्या बऱ्या टिकल्यात."

मी आत गेले आणि रडले. माझ्या मर्यादेने, माझ्या चांगल्या वळणाने म्हाताऱ्याचा डोळा घालवला असता. त्यांचीही चूक होती, एका शब्दाने सांगायला हवं होतं. पण त्यांच्या लेखी सांगण्यासारखं काही नव्हतंच. पोत्याचं दुसरं टोक धरणाऱ्याला ते माहीत असतं.

उन्हाळ्यात निवडणूक आली. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाबांनीही केली. निकालानंतर गावातल्या दुसऱ्यांनी आपापल्या आणल्या. नवरा म्हणाला, आपली तिथेच राहू दे, झालं तेवढं बस्स. बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पावसाळाभर ते बांधावर जाऊन डबा वाजवत राहिले. डुकरं डब्याला जुमानत नाहीत. भाद्रपदात शेजारचा एक तुकडा आडवा झाला, तेव्हा बाबा पोतं घेऊन ओट्यावर आले.

"तू आयकशील तं बंदूक आणतो," ते म्हणाले. "नाय तं राहू दे तिथंच. माजं काय नाय."

माझं काही नाही म्हणताना त्यांचे हात पोत्याची शिवण चाचपत होते. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि टोक धरलं.

तूस झटकून झालं. अठरा पुंगळ्या ओळीने मांडल्या. या खेपेला मी त्यांच्या समोर खाली बसले, डोळे मिटून. पहिली, टिण्. मी मान हलवली. दुसरीही. तिसरी टप् म्हणाली. डोळे उघडले तर बाबा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. माझी मान सवयीने हलायलाच निघाली होती. मी ती आवरली आणि हात पुढे केला.

बाबांनी हातातली पुंगळी एकदा फिरवून बघितली. मग पुंगळी माझ्या तळहातावर ठेवली.

पाचवी, सहावी, नववी. एकेक माझ्या पदरात जमत गेली. वडिलांच्या वेळच्या वस्तू, एकेक देताना त्यांचा हात जड होत होता, मला दिसत होतं. दोनदा वाटलं, ही जाऊ द्यावी, अगदी बारीक आहे. पण भाजलेली पापणी समोरच होती, तिथे केस परत आले नव्हते. शेवटी टोपलीत सात राहिल्या आणि माझ्या पदरात अकरा.

बाबांनी टोपलीत बघितलं, मग माझ्याकडे.

"येवढ्याच?"

"येवढ्याच," मी मोठ्याने सांगितलं.

या वेळी मान त्यांनी हलवली.